गर्दीचा माईक

साउंडवाल्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण कान असा, की मैदानभर टांगलेल्या कर्ण्यांपैकी कुठल्याचा पडदा फाटलाय हे तो चहाचा घोट घेता घेता सांगे. "तानसेन नसाल, पण कानसेन आहात," असं त्याची बायको लग्नानंतर थट्टेने म्हणाली, ते शेजारच्या शिंप्याने ऐकलं, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

निवडणुकीच्या दिवसांत त्याला मरायलाही फुरसत नसे. साहेबांच्या सगळ्या सभांचं काम त्याच्याकडे होतं. साहेब बोलण्यात पटाईत. त्यांच्या भाषणात मुद्दा सापडायचा तर दिवा घेऊन शोधावा लागला असता, पण ते मध्येच असे थांबत, की ऐकणाऱ्याला वाटे, आता उत्तर आपणच द्यायचं आहे. त्या थांबण्यावर त्यांनी दोन निवडणुका जिंकल्या होत्या.

त्या जिंकण्यात कानसेनचंही बोट होतं, अगदी खरोखरचं बोट. त्याच्यापुढच्या मिक्सरवर, म्हणजे आवाज वर-खाली करायच्या यंत्रावर, दोन सरकत्या पट्ट्या महत्त्वाच्या. एक साहेबांच्या माईकची आणि दुसरी गर्दीच्या माईकची. गर्दीचा माईक म्हणजे मैदानात काठीवर उभा केलेला माईक, लोकांच्या टाळ्या-घोषणा टिपणारा. तो कर्ण्यांवर वाजत नाही. मैदानातल्या माणसाला गर्दी आपली आपल्या कानांनी ऐकू येतेच. तो माईक फक्त वाहिन्यांना जातो, म्हणजे घरी पाय पसरून टीव्हीपुढे बसलेल्यांसाठी. साहेब बोलत असताना गर्दीची पट्टी खाली ठेवायची आणि साहेब थांबले की वर ढकलायची. टीव्हीवर शांतता म्हणजे बिघाड. एकदा पट्टी चढवायला उशीर झाला तर एका वाहिनीच्या वार्ताहराने फोन करून त्याला पाणउतारा होईपर्यंत झापलं होतं. तेव्हापासून साहेब थांबले की कानसेनचं बोट आपोआप वर जाई. डोकं त्यात पडतच नसे.

त्या सभेच्या दिवशी गर्दीचा माईक उजव्याने स्वतः उचलला आणि मैदानाच्या एका कोपऱ्यात नेऊन ठेवला. उजवा म्हणजे साहेबांचा उजवा हात. गंमत अशी की माणूस पक्का डावखुरा, त्यामुळे त्याची थप्पड ज्याला बसे त्याला ती कुठून आली हे कळतच नसे. "इथं राहू दे," तो म्हणाला. "इथली मंडळी जरा मोकळ्या गळ्याची आहेत." मंडळी म्हणजे एकाच टेम्पोतून उतरलेले डझनभर तगडे गडी. कानसेनने पाहिलं आणि खांदे उडवले. गर्दी आणलेली असते हे काय त्याला आज कळत होतं?

साहेब रंगात आले. "नदीपलीकडून आले. काम मागितलं, आपण दिलं. राहायला जागा मागितली, आपण दिली. आणि आज आपल्याच पोरांना काम नाही. तुम्हीच सांगा, यांचं काय करायचं?"

आणि थांबले.

मैदान गप्प. लोक एकमेकांकडे पाहू लागले. नदीपलीकडचे म्हणजे कोण? सकाळी दूध टाकणारा, भिंती रंगवणारा, पंक्चर काढणारा. त्यांचं काय करायचं म्हणजे काय? कानसेनचं बोट वर गेलं होतं आणि हेडफोनमध्ये त्याला त्या कोपऱ्यातून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "अहो, माणसं आहेत ती. काय करायचं म्हणजे काय बोलणं झालं हे?" पाठोपाठ थप्पड. डावी. मग बुटांचे आवाज, आणि त्यातच दात मोडल्याचा बारीक कट्ट आवाज. कानसेनच्या कानाचं कौतुक सगळे करत, पण असल्या आवाजासाठी असा कान कुणालाही नको.

हे टीव्हीवर जायला नको म्हणून त्याने पट्टी झटकन खाली ओढली, हेडफोनमध्ये पुसट ऐकू येईल एवढीच ठेवली. धंद्याचा नियमच तो, नको तो आवाज कापायचा. म्हाताऱ्याचं कण्हणं संपलं आणि ते गडी माईकच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडले, "मारा! हाकला! मारा!" साहेब अजून थांबलेलेच होते. बोट आपोआप वर गेलं, अगदी टोकापर्यंत.

संध्याकाळी त्याच्या घरी चहाला मेव्हणा आला होता. मेव्हणा नाक्यावरचा पंक्चरवाला. बहिणीच्या पाठोपाठ नदी ओलांडून आला, टायरांच्या ढिगात दुकान थाटलं आणि जीभ एवढी चालवली की लोक चाकात हवा असली तरी भरायला येत. "दाजी, या गावात हवेवर जगणारी माणसं दोनच," तो नेहमी म्हणे. "एक मी आणि दुसरे साहेब."

टीव्हीवर सभा लागली. साहेब थांबले, चित्र गर्दीवर गेलं, हजारो डोकी, आणि त्यावर तो आवाज, मारा, हाकला, मारा. खाली लाल पट्टीत मोठी अक्षरं, "जनतेचा हुंकार". निवेदिका भुवया उंचावून सांगत होती, की अख्खं मैदान पेटून उठलं.

मेव्हण्याचा कप हातातच राहिला. "एवढी माणसं?" तो म्हणाला. "दाजी, यातल्या निम्म्यांच्या चाकात आज सकाळी मीच हवा भरली."

"टीव्हीवर सगळं मोठंच दिसतं रे," कानसेन म्हणाला. बायकोने त्याच्याकडे पाहिलं. ती नवऱ्याचं काम जाणून होती. चहा आणखी ओतायचा ती विसरली.

ते काही क्षण वाहिन्यांनी सकाळ-संध्याकाळ वाजवले. जाणकार मंडळी गोल टेबलाभोवती बसून एकमेकांवर भुंकू लागली, "जनता का पेटली?" पेटली की नाही हे कुणीच विचारलं नाही. आणि ऐकता ऐकता शेजारचा शिंपी बदलला. शिंपी म्हणजे मुंगीलाही वाट सोडणारा माणूस. कानसेनच्या मुलीचे झालर लावलेले झगे त्याने कौतुकाने शिवले होते. आता तो टाके घालता घालता म्हणू लागला, "तसे ते फार झालेत हो आपल्याकडे."

"तुम्ही सभेला होतात ना?" कानसेनने विचारलं. "तुम्हाला ऐकू आलं ते ओरडणं?"

"नाही बुवा. पण मी मागे बसलो होतो. टीव्हीवर तर अख्खं मैदान ओरडत होतं. एवढे सगळे म्हणतायत म्हणजे काहीतरी असेलच की."

माणूस स्वतः मैदानात बसला होता, स्वतःच्या कानांनी शांतता ऐकली होती, आणि विश्वास टीव्हीवर ठेवत होता. खरं काय ते सांगावं असं कानसेनच्या मनात आलं. पण सांगितलं असतं तर काम गेलं असतं, म्हणून तो गप्प बसला, आणि त्या गप्प बसण्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

बाजाराच्या दिवशी भर दुपारी नाक्यावर गलका झाला. पहिला दगड टायरांच्या ढिगावर बसला आणि उसळून फेकणाऱ्याच्याच पायाशी परत आला. मेव्हणा हसला म्हणतात. हसायची त्याला सवयच वाईट. दुसरा दगड त्याच्या तोंडावर बसला. कानसेन धावत पोचला तेव्हा ते त्याला हवा भरायच्या नळीने बांधून ओढत होते. चाकं खोलायचा लोखंडी दांडा एकाने उचलला आणि जबड्यावर हाणला. जबडा मोडल्याचा आवाज कानसेनने रस्त्याच्या पलीकडून ऐकला. मग दांडा डोळ्यात गेला. रक्त टायरांवर सांडत होतं आणि काळ्या रबरावर ते लाल दिसतही नव्हतं, नुसतं ओलं दिसत होतं.

"सोडा! माझा मेव्हणा आहे तो!" कानसेन मध्ये घुसला. एक लाथ बरगडीत बसली, दुसरी कानावर. मारणाऱ्यांत टेम्पोतले गडी दोघेच होते. बाकीचे नाक्यावरचेच, रोज राम राम घालणारे. त्यांच्यातला एक जण मारता मारता कानसेनला समजूत घालत होता, "तू बाजूला हो रे, तुझ्याशी आमचं काही नाही. सगळ्यांनीच ठरवलंय आता."

सगळ्यांनी. कानसेनला ते ऐकून मार विसरायला झालं. कानसेनच्या गल्लीतली नदीपलीकडच्यांची चार घरं त्या दुपारी जळाली. शिंप्याने आपलं दार आतून लावून घेतलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला, तो भिंतीतून स्पष्ट ऐकू येत होता.

मैदानामागच्या दवाखान्यात मेव्हण्याला ठेवलं. जबडा तारेने बांधलेला, एक डोळा गेलेला, दुसरा सुजून बंद. ज्याची जीभ कधी थांबली नाही तो आता घशातून नुसता गुरगुरत होता. शेजारच्या खाटांवर त्याच गल्लीतली माणसं, भाजलेली, फुटलेली. बायको भावाचा हात धरून बसली होती. मुलीला तिने वर डॉक्टरांच्या खोलीत झोपवलं होतं, कारण घरी न्यायची आता भीती वाटत होती.

"तो आवाज तुम्ही चढवलात ना?" तिने विचारलं.

कानसेनने सगळं सांगितलं. कोपरा, टेम्पो, म्हातारा, त्याचा दात, सगळं.

ती रडली नाही. "माझ्या भावाचा डोळा तुमच्या बोटाने काढला," ती म्हणाली. कानसेनला वाटलं, तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

तो त्याच वार्ताहराकडे गेला. दोन्ही माईकचं ध्वनिमुद्रण त्याच्याकडे वेगवेगळं होतं. त्याने ते ऐकवलं. वार्ताहराने डोळे मिटून सगळं नीट ऐकलं, म्हातारा, बूट, दात आणि ते डझनभर गळे. "वाईट झालं," तो मनापासून म्हणाला. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "पण आता हे कोण दाखवणार? आम्हीच आठ दिवस जनतेचा हुंकार म्हणून ओरडतोय. आता आम्हीच सांगायचं, की हुंकार बारा जणांचा होता? आणि खरं सांगू, आता तो बारा जणांचा राहिलेला नाही."

त्या शेवटच्या वाक्याकडे कानसेनने लक्ष दिलं नाही. तिथेच तो फसला. आयुष्यभर आवाज पट्टीवर वर-खाली केलेल्या माणसाला वाटतं, की आवाज पट्टीतच राहतो.

प्रचाराची शेवटची सभा त्याच मैदानावर होती. काम सोडून द्यायचं त्याने ठरवलं होतं, पण बायकोने अडवलं. "तुम्ही सोडलंत तर तिथं दुसरा बसेल. जा तुम्ही. ज्या बोटाने चढवलंत त्याच बोटाने उतरवा. साहेबांनी विचारावं आणि अख्ख्या मुलखाला दिसावं, की कुणी उत्तर देत नाही."

बेत पक्का होता. साहेब थांबले की पट्टी तळाला. घराघरांत टीव्हीवर साहेब तोंड उघडं टाकून उभे, आणि समोर शांतता. त्या शांततेत शिंप्यासारखे लोक एकदा तरी विचार करतील, की अरे, आपल्याशिवाय कुणी असं म्हणतच नाहीये की काय. एवढंच हवं होतं. मतदानाच्या आधी, आणखी गल्ल्या पेटायच्या आधी.

त्या संध्याकाळी उजव्याने माईक कोपऱ्यात नेला नाही. "ठेव कुठंही," तो म्हणाला आणि दात कोरत निघून गेला. कानसेनने तो आपल्या मिक्सरशेजारीच उभा केला; तेव्हाही त्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

मैदान खच्चून भरलं होतं. कानसेनने हेडफोन चढवले. साहेबांचं कामाचं बोलून झालं, नदीचं बोलून झालं, आवाज हळू केला आणि दोन्ही हात पसरले. "मागच्या वेळी मी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. तुम्ही जे उत्तर दिलंत ते सगळ्या देशाने ऐकलं. आज पुन्हा विचारतो. यांचं काय करायचं?"

आणि थांबले.

कानसेनने पट्टी तळाला ओढली आणि बोट तसंच दाबून धरलं. मिक्सरवर गर्दीच्या माईकचा दिवा विझला. एक क्षणभर त्याच्या कानात खरोखर शांतता होती, आणि त्या क्षणात त्याला एवढं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

मग साहेबांच्याच माईकमधून आवाज यायला लागला. आधी गडगडल्यासारखा, लांबून. पाठोपाठ मिक्सरवरच्या आवाज मोजणाऱ्या सुया लाल रेघेवर जाऊन थडाथड आपटू लागल्या. कानसेनने साहेबांची पट्टीही खाली ओढली. त्याने हेडफोन ओरबाडून काढले, तर आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढला. पायाखालची फळी हलत होती. मैदानातली सगळी तोंडं उघडी होती, म्हातारी, तरणी, बायकांची, शाळेच्या गणवेशातल्या पोरांची. मारा! हाकला! मारा! कुणाला टेम्पोतून आणलेलं नव्हतं. मागच्या वेळी ही सगळी माणसं गप्प होती. मग घरी जाऊन त्यांनी टीव्हीवर स्वतःचं ओरडणं ऐकलं होतं, आणि आज ती आपलं उत्तर पाठ करून आली होती.

त्या गर्जनेत कानसेन वेड्यासारखा मिक्सरवर सगळ्या पट्ट्या खाली ओढत होता. शेवटी त्याने मुख्य वायरच उपटली. कर्णे मेले. साहेब मुक्याने ओठ हलवत राहिले. पण लोकांना आता कर्ण्यांची गरज नव्हती. कुणीतरी ओरडलं, "दवाखान्यात लपलेत साले!" आणि अख्खं मैदान एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळलं.

डावी थप्पड कुठून आली हे कानसेनलाही कळलं नाही. उजव्याने त्याची मान धरून तोंड मिक्सरवर आपटलं, एकदा, दोनदा. ओठ फाटला, नाकातून रक्ताची धार लागली. "वायर काढतोस?" तिसऱ्यांदा आपटायच्या आत कानसेनच्या हाताला गर्दीच्या माईकची लोखंडी काठी लागली. ती त्याने मागे न बघता फिरवली. काहीतरी मऊ फुटलं आणि मानेवरची पकड सुटली. तो काठी घेऊनच पळाला.

दवाखान्याच्या गल्लीत माणूस माणसाला चिकटून पुढे सरकत होता. वाट मिळेना. "सोडा, मला जाऊ द्या," म्हणत तो ढकलू लागला तर लोक संशयाने पाहायला लागले. एकाने त्याची कॉलर धरली, "कुठला रे तू?" तेव्हा कानसेनने काठी उंचावली आणि फाटक्या ओठांनी ओरडला, "मारा! हाकला!" कॉलर सुटली. लोकांनी वाट दिली. कुणी पाठ थोपटली. तो ओरडत ओरडत पुढे गेला, कारण गप्प झाला की वाट बंद होत होती. मारा. बायको त्या दारामागे होती, मुलगी वरच्या मजल्यावर होती. मारा, मारा. असं करत तो सगळ्यांच्या पुढे पोचला.

दवाखान्याचं लोखंडी जाळीचं दार आतून बंद होतं. जाळीमागे बायको उभी होती, हातात कुलूप. तिने त्याच्याकडे पाहिलं, रक्ताने भरलेलं तोंड, उगारलेली काठी, मागे सगळं गाव.

"अगं, उघड," तो म्हणाला. "मी आहे."

"ऐकलं मी," ती म्हणाली. "एवढ्या गर्दीतही तुमचा आवाज वेगळा ओळखला."

"आत यायला तसं ओरडावं लागलं गं. देवाशपथ."

तिने क्षणभर त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिला पटलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण मागची माणसं हाताच्या अंतरावर आली होती आणि दार एकासाठी उघडायचं म्हणजे सगळ्यांसाठी उघडायचं होतं. तिने कडी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली पदरात बांधली. "तुम्हीच आणलेत ते," ती रडत म्हणाली. "तुम्हीच थांबवा."

कानसेन वळला. पाठ जाळीला लावली. पुढे सगळ्यात पहिला शिंपी होता. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, गळ्यात अजून कापड मापायची फीत, आणि हातात कापड कापायची मोठी कात्री, टोकं पुढे केलेली. आयुष्यात पहिल्यांदाच सगळ्यांच्या पुढे आल्याचा आनंद त्याच्या तोंडावर होता. कानसेनला पाहून तो खुशीत हसला.

"वा, कानसेन! तुम्हीही आलात? मला ठाऊकच होतं. सगळेच आपल्या बाजूने आहेत!"

"ते बारा जण होते," कानसेन ओरडला. "फक्त बारा! मीच मोठं केलं त्यांना. मीच!"

शिंप्याला ते ऐकू गेलं नाही. त्याने नीट ऐकायला कान पुढे केला, हसतच, आणि एक पाऊल आणखी जवळ आला. मागून गर्दीचा रेटा बसला, कात्रीची टोकं जाळीपर्यंत आली. जाळीमागे बायकोने भिंतीला पाठ लावली.

कानसेनने गर्दीच्या माईकची काठी दोन्ही हातांनी उचलली आणि त्या पुढे केलेल्या कानावर घातली.